सुई कोणाच्या हातात होती?

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांपासून वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांपर्यंत एकच यादी फिरू लागते. टॅटू काढू नका, दुसऱ्याचे ब्लेड वापरू नका, नशेपासून लांब राहा. आफ्रिकेचा विषय निघाला की यादी आणखी लांबते. तिथल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या किती जणांच्या रक्तात हिपॅटायटिस सी सापडला याचे आकडे येतात आणि त्याखाली कारणे येतात: अंगावर व्रण काढण्याची चाल, पारंपरिक सुंता, रस्त्याकडेचा न्हावी, अनेक जोडीदार, दारू. वाचणाऱ्याच्या मनात चित्र पक्के होते की माणसे अडाणी, प्रथा अघोरी आणि आजार म्हणजे त्यांच्याच करणीचे फळ. या सुराला कंटाळलेले लोक मग दुसऱ्या टोकाला जातात. गोऱ्यांनी औषधाच्या नावाखाली विष टोचले, रुग्णालये म्हणजे कटाचे अड्डे, असे सांगू लागतात. वाद जोरात चालतो, पण त्यात रुग्ण कुठेच नसतो. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. आफ्रिकेतल्या रुग्णांच्या रक्तात आज सापडणारा हा विषाणू फार मोठ्या प्रमाणावर उपचारांच्या वाटेनेच तिथे पोहोचला आहे. म्हणून धोक्याची कारणे शोधताना पहिली झडती रुग्णालयाच्या कारभाराची घ्यायला हवी, रुग्णाच्या चारित्र्याची नंतर. आणि हे मी वैद्यकावर विश्वास असल्यामुळेच म्हणतो आहे.

आधी या आजाराचा स्वभाव समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो. लागण झालेल्या शंभरांपैकी सत्तर-ऐंशी जणांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो आणि वीस-तीस वर्षे बहुतेकदा काही जाणवूही देत नाही. मग कधीतरी पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते आणि डॉक्टर सांगतात की यकृत निकामी झाले. विषाणूची ओळखच १९८९ मध्ये पटली. त्याआधी त्याला ‘ए नाही, बी नाही’ एवढेच नाव होते. या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. म्हणजे आज साठीतला जो माणूस जलोदराने खाटेवर पडला आहे, त्याला लागण झाली तेव्हा त्याच्या डॉक्टरलाही हा विषाणू ठाऊक नव्हता. अशा माणसाला ‘तुम्हाला हे कशाने झाले असेल?’ असे विचारण्यात काय अर्थ आहे? त्याने गेल्या वर्षी काय केले हे तो सांगेल. चाळीस वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा टोचलेली सुई कितव्यांदा वापरलेली होती, हे त्याने कुठून सांगावे?

इजिप्तचे उदाहरण घेऊ. नाईलच्या कालव्यांत उभे राहून शेती करणाऱ्या फेल्लाहीन शेतकऱ्यांना बिल्हार्झिया हा हजारो वर्षांचा शाप. पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या अळ्या उघड्या पायांच्या त्वचेतून आत शिरतात आणि पुढे लघवीतून रक्त जाते, मूत्राशय खराब होते, यकृत कडक होते. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरोत हा जंत शोधला. बारमाही कालवे आले, तसे वर्षभर पाण्यात राबणेही आले आणि आजार गावोगाव पसरला. १९१८ मध्ये खार्टूमला क्रिस्टोफरसन या डॉक्टरने दाखवले की अँटिमनीचा एक क्षार, टार्टार इमेटिक, शिरेतून दिला तर जंत मरतो. पोटातून दिला तर उलट्या होतात, म्हणून सुई. तीही एकदा नाही. आठवड्याला एक अशी बारा ते सोळा इंजेक्शने. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इजिप्तच्या सरकारने ही मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली. १९६० च्या दशकाच्या मध्यात दरवर्षी सरासरी अडीच लाख लोकांना मिळून वीस लाखांहून अधिक इंजेक्शने दिली जात होती.

त्या काळातल्या एका केंद्राचे वर्णन नोंदलेले आहे. सकाळी नऊ वीसला डॉक्टरांनी इंजेक्शने द्यायला सुरुवात केली आणि दहा वाजून दहा मिनिटांनी थांबवली. मध्ये दहा मिनिटांची विश्रांती. तेवढ्यात पुरुष, बायका, मुले मिळून ५०४ जणांना टोचून झाले होते. चाळीस मिनिटांत ५०४, म्हणजे माणसामागे पाच सेकंदांहूनही कमी. हे वर्णन करणाऱ्याने त्या डॉक्टरचे कौशल्य म्हणून ते लिहिले होते. काचेच्या सिरिंज, वापरून झाल्या की धुवायच्या, थोडा वेळ उकळायच्या, पुन्हा रांगेत. मला त्या डॉक्टरचा राग येत नाही. त्याच्यासमोर पाचशे माणसांची रांग होती आणि हातात त्या काळातले सर्वांत चांगले औषध. पण त्या रांगेत एकाच्या रक्तात हा विषाणू असेल तर पुढच्यांचे काय झाले असेल? २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या १४.७ टक्के इजिप्शियनांच्या रक्तात हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची), म्हणजे कधीतरी लागण झाल्याची, खूण सापडली. जगात इतके प्रमाण दुसऱ्या कोणत्याही मोठ्या देशात नव्हते. त्यातही तरुणांपेक्षा वयस्करांत जास्त आणि वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तपेक्षा उत्तरेच्या त्रिभुज प्रदेशात जास्त. ज्या भागात मोहीम जितका काळ चालली, ज्या पिढीने जितक्या सुया सोसल्या, तितका विषाणू. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा नकाशा आणि मोहिमेच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि त्या जुळल्या. गावठी न्हाव्याचा वस्तरा असा जिल्ह्याजिल्ह्याने आणि वयावयाने सरकारी मोहिमेशी हिशेब जुळवून चालत नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. त्यातले काही खरे आहेत आणि ते खाली पाडून पुढे जाणे अप्रामाणिक होईल.

पहिला मुद्दा प्रथांचा. कॅमेरूनच्या दक्षिणेत एबोलोवा या गावी साठीपुढच्या लोकांची तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना लागण होऊन गेलेली दिसली. तिथे दोन गोष्टींचा संबंध पुढे आला: हिवतापासाठी शिरेतून दिलेली औषधे आणि पुरुषांमध्ये पारंपरिक सुंता. म्हणजे चालीरीतींचा वाटा शून्य नाही. नशेच्या सुयांचाही नाही. मॉरिशसमध्ये सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना हिपॅटायटिस सीची लागण झालेली आढळली. टांझानिया, केनिया, दक्षिण आफ्रिकेतही हा प्रश्न वाढतो आहे. मग मी रुग्णालयाकडेच बोट का दाखवतो? कारण वस्तरा एका दिवसात पाचशे जणांपर्यंत पोहोचत नाही. सुंता आयुष्यात एकदा होते, तीही अर्ध्या लोकसंख्येची. सुई मात्र वसाहतीच्या काळात सरकारी आदेशाने गावोगाव गेली. माशीच्या चाव्यातून होणाऱ्या झोपेच्या आजारासाठी, उपदंशासाठी, यॉज या त्वचेच्या संसर्गासाठी, हिवतापासाठी. फ्रेंच लष्करी डॉक्टर यूजीन जामो याच्या फिरत्या पथकांनी कॅमेरूनमध्ये झोपेच्या आजाराविरुद्ध काम केले आणि लाखो लोकांना तपासले. त्या कामाने गावेच्या गावे वाचली, हे नाकारता येणार नाही. पण एका गावात सगळ्यांना ओळीने उभे करून मोजक्या सुयांनी टोचणे ही पद्धतही तिथेच रुजली. विषाणूच्या जनुकांवरून त्याच्या प्रसाराचा काळ काढणाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की इजिप्तमध्ये त्याची झपाट्याने वाढ १९३० ते १९५५ या वर्षांत झाली, म्हणजे मोठ्या मोहिमेच्या आधीपासून अँटिमनीची सुई पसरत होती त्याच काळात. व्रण काढण्याच्या, सुंतेच्या प्रथा शेकडो वर्षांच्या आहेत. त्या नेमक्या याच पंचवीस वर्षांत अचानक कशा काय धोकादायक झाल्या?

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे आणि अभ्यासू माणसेच तो मांडतात. रुग्णालयातल्या रुग्णांत इंजेक्शन आणि लागण यांचा संबंध दिसला तरी काय सिद्ध होते? यकृत बिघडलेला माणूसच जास्त आजारी पडतो, जास्त सुया घेतो, त्याला जास्त वेळा रक्त चढते. कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. शिवाय रुग्णालयात येणारा माणूस म्हणजे देश नव्हे. डायलिसिसवरचे, सिकलसेलचे, वारंवार रक्त लागणारे रुग्ण तपासले तर आकडा फुगणारच. झटपट चाचण्याही कधी खोटे दाखवतात, आणि प्रतिपिंड सापडले म्हणजे विषाणू आत्ता शरीरात आहे असेही नाही. हे सगळे मी मान्य करतो. म्हणूनच अमुक रुग्णालयात इतके टक्के आढळले याची ‘अमुक देशात इतके टक्के’ अशी बातमी करणारे मला बेजबाबदार वाटतात. पण हाच मुद्दा उलट बाजूनेही बघा. डायलिसिसच्या खाटेवर लागण जास्त का? कारण तिथे तो रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडला जातो, आणि यंत्राची नळी, हातमोजे, औषधाची सामाईक बाटली यातल्या एकातही ढिलाई झाली की शेजारच्या खाटेवरचा विषाणू त्याच्यापर्यंत येतो. हा विषाणू सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात साठ दिवसांहूनही जास्त टिकू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मग ‘डायलिसिस’ या धोक्याच्या घटकात रुग्णाचा दोष कोणता? मूत्रपिंड निकामी होणे हा काही त्याचा निर्णय नव्हता.

या पाहण्यांच्या प्रश्नावल्या मी वाचल्या आहेत आणि त्यात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा खटकली. रुग्णाला विचारतात: दात काढलेत का, गोंदवून घेतलेत का, किती जोडीदार, दारू घेता का. इंजेक्शन घेतलेत का असेही विचारतात, पण त्याचे उत्तर सगळेच ‘हो’ देतात. सगळेच हो म्हणाले की तुलनेला कोणी उरत नाही आणि तक्त्यात इंजेक्शनासमोर ‘संबंध आढळला नाही’ असे येते. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ मध्ये हा सापळा फार सोप्या शब्दांत दाखवला होता. समजा, एखाद्या देशात प्रत्येक जण रोज वीस सिगारेटी ओढत असेल, तर तिथल्या अभ्यासात फुफ्फुसाचा कर्करोग आनुवंशिक ठरेल, कारण सिगारेट ओढणे सगळ्यांत सारखेच. सुईचेही तेच होते. ज्या गावात प्रत्येकाला सुई टोचली गेली आहे त्या गावात फरक फक्त वस्तऱ्यात आणि गोंदणात उरतो, आणि मग दोष तिथे जाऊन चिकटतो. रुग्णाला आठवते ते तक्त्यात जाते. रुग्णालयाने काय केले हे रुग्णाला दिसलेलेच नसते. सुई पाकिटातून काढली की ट्रेमधून, हे त्या वेळी तापाने फणफणलेल्या माणसाने कसे पाहावे?

आता तिसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. हे सगळे उघड बोललात तर लोक दवाखान्यात जाणेच सोडतील. लस घेणार नाहीत, रक्त घेणार नाहीत. अफवा पसरवणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल. बिल्हार्झियाने माणसे खरेच मरत होती. अब्देल हलीम हाफेज या इजिप्शियन गायकाला संबंध अरब जग ओळखते. त्याला लहानपणीच बिल्हार्झियाने पकडले आणि १९७७ मध्ये लंडनमध्ये तो त्याच दुखण्याने गेला. मोहीम चालवली नसती तर? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. अफवेने काय होते हे आपणही पाहिले आहे: ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या दिवसांत मुंबईच्या गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता.

पण भीतीचे बी कुठून येते? मलकोवालची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी, कारण तिचे एक टोक मुंबईत परळला आहे. ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात प्लेगची लस टोचली गेली. लस वाल्देमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली. त्या दिवशी टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष हाफकिन यांच्यावर आला, पद गेले, नाव बदनाम झाले. पुढे लक्षात आले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडले, तेही हिवताप डासातून पसरतो हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉससारख्या माणसांनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव दिले गेले. या प्रकरणातून मी दोन गोष्टी घेतो. एक म्हणजे लस चांगली असूनही हाताळणीने माणसे मेली, आणि ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. दुसरी अशी की खुलासा व्हायला पाच वर्षे लागली आणि त्या पाच वर्षांत लसीवरचा विश्वास जितका खचला तितका तो चिमट्याची गोष्ट पहिल्याच महिन्यात सांगितली असती तर खचला नसता. धनुर्वात काही दिवसांतच दिसतो, म्हणून मलकोवालला चिमट्यापर्यंत पोहोचता तरी आले. हिपॅटायटिस सीचा चिमटा पडतो आणि प्रेत तीस वर्षांनी उठते. तिथे कोण कोणाला जाब विचारणार?

व्हिएन्नातही हेच घडले होते. १८४० च्या दशकात तिथल्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. डॉक्टर आणि विद्यार्थी ज्या विभागात काम करत तिथे बाळंतिणी तापाने पटापट मरत. सुइणींच्या विभागात मृत्यू त्या मानाने फार कमी. शहरातल्या बायकांना हे माहीत होते. डॉक्टरांच्या विभागात न्यायला नको म्हणून त्या हातापाया पडत, काही तर रस्त्यातच बाळंत होत. १८४७ मध्ये तिथल्याच इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदनाच्या खोलीतून येणाऱ्या हातांकडे बोट दाखवले, क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झरझर खाली आले. त्याच्या सहकाऱ्यांना ते मानवले नाही. सभ्य माणसाचे हात मृत्यू कसा नेतील? कारणे तेव्हाही बायकांच्याच अंगाला चिकटवली जात होती, त्यांची प्रकृती, त्यांची भीती. अडाणी ठरवलेल्या बायकांचे निरीक्षण प्राध्यापकांच्या सिद्धांतापेक्षा खरे निघाले. आफ्रिकेतल्या एखाद्या गावात बाई सुईला घाबरते म्हणून तिला अंधश्रद्ध ठरवण्याआधी तिच्या आजीच्या पिढीने काय पाहिले ते विचारावे.

आणि बोलल्याने भले झाल्याचा पुरावाही आहे. लसीकरणातल्या सुया पुन्हा वापरल्या जातात हे उघडपणे मान्य केल्यावरच १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून ठरवले की लसीसाठी एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंजच वापरायची. आज आफ्रिकेतल्या आईने बाळाला लस टोचून घ्यायला घाबरण्याचे कारण नाही, ते यामुळे. धोका उपचाराच्या सुयांत जास्त काळ राहिला, कारण त्यावर बोलायला उशीर झाला. २००० या एका वर्षात जगभर असुरक्षित इंजेक्शनांमुळे सुमारे वीस लाख लोकांना हिपॅटायटिस सीची लागण झाली असावी असा अंदाज होता. पुढच्या दहा वर्षांत विकसनशील देशांत सुई पुन्हा वापरण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांपर्यंत घसरले. ही घसरण लोकांच्या चालीरीती बदलून आलेली नाही. पाकीटबंद सिरिंज पोहोचल्या आणि त्या का हव्यात हे मोकळेपणाने सांगितले गेले, म्हणून आली.

तरी एक प्रसंग मला नीट मांडायला हवा, कारण ‘रुग्णालयाला जाब विचारा’ म्हटले की आपल्या डोळ्यासमोर निष्काळजी डॉक्टर येतो. सहाराच्या दक्षिणेतल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयातली रात्र मनात आणा. हिवतापाने दोन वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन तीनवर आले आहे, श्वास लागला आहे. किंवा बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये पिशवी नाही. काकाला, भावाला, बाहेर बाकावर बसलेल्या शेजाऱ्याला बोलावून तिथल्या तिथे रक्त घ्यायचे आहे. एचआयव्हीची चाचणी आहे, हिपॅटायटिस सीची पट्टी गेल्या आठवड्यात संपली. डॉक्टरने काय करावे? रक्त दिले नाही तर मूल पहाटेपर्यंत जाईल. दिले तर वाचेल, आणि कदाचित चाळिसाव्या वर्षी यकृताने आजारी पडेल. तो डॉक्टर रक्त देतो आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही दिले असते. इथे जाब त्या डॉक्टरला विचारायचा नाही. चाचणीची पट्टी कोणी आणि का मागवली नाही, स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांची यादी का नाही, हिवतापाचे मूल इतक्या उशिरा का आले, हे प्रश्न त्या रात्रीच्या कितीतरी आधीचे आहेत. ते आरोग्य खात्याला, अर्थखात्याला आणि आफ्रिकेला मदत देणाऱ्या श्रीमंत देशांना विचारायचे आहेत. पण ‘रक्त चढवले होते का?’ या खान्यात ‘हो’ अशी खूण रुग्णाच्याच नावापुढे पडते.

पैसे नाहीत, हेही खरे. तरी सगळा दोष पैशाच्या टंचाईवर टाकता येत नाही, कारण पुष्कळ सुया मुळात लागतच नसतात. हे सांगताना मला आफ्रिकेत जायची गरज नाही. आमच्या लहानपणी गावच्या दवाखान्यात स्टोव्हवर स्टीलच्या डबीत सिरिंज उकळत असे आणि ‘सुई दिली’ म्हटल्याशिवाय डॉक्टरांनी काही केले असे कोणाला वाटत नसे. गोळी दिली तर ‘नुसती गोळीच दिली’ असे सांगत बायका घरी येत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतभर पाहणी झाली तेव्हा वर्षाला तीनशे कोटींच्या आसपास इंजेक्शने दिली जातात आणि त्यातली जवळजवळ ६३ टक्के असुरक्षित आहेत, असे दिसले. कोणाला हसायचे आपण? सुईची ही ओढ दवाखान्यांनीच लावली. ज्या काळात सुईने यॉजचे व्रण आठवड्यात बरे झाले त्या काळात लोकांनी सुईवर श्रद्धा ठेवली आणि पुढे ती श्रद्धा कमाईचे साधन झाली. जिथे तोंडाने घ्यायचे औषध चालते तिथे सुई न देणे ही सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाययोजना आहे. बिल्हार्झियाचेच बघा: १९८० च्या दशकात प्राझिक्वांटेल नावाची गोळी आली आणि सोळा आठवड्यांची सुई संपली.

इजिप्तने पुढे जे केले ते आता जगभर यशोगाथा म्हणून सांगितले जाते, आणि ते यश खरेच आहे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोस्बुव्हिर हे औषध आले तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती. २०१४ मध्ये इजिप्तने वाटाघाटी करून ती सुमारे ९०० डॉलरवर आणली, मग देशातच औषध बनवून आणखी खाली आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना ९१ देशांसाठी हे औषध बनवायचा परवाना दिला. त्यात मुंबईची सिप्लाही होती. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत इजिप्तने सुमारे पाच कोटी प्रौढांची तपासणी केली आणि ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांना फुकट औषध दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इजिप्तला निर्मूलनाच्या वाटेवरचा ‘सुवर्ण’ दर्जा दिला. पण ही गोष्ट २०१४ पासून सांगायला सुरुवात केली की तिचा निम्मा धडा हरवतो. संघटनेच्या आफ्रिका विभागात इजिप्त येतच नाही. त्या विभागात, म्हणजे मुख्यतः सहाराच्या दक्षिणेत, २०२२ च्या अखेरीस हिपॅटायटिस सी असलेल्यांपैकी जेमतेम १३ टक्के लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊक होते आणि ३ टक्क्यांना उपचार मिळाले होते. रवांडाने २०१८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेऊन वेगळी वाट धरली. बहुतेकांनी अजून नाही. गोळ्या वाटणे आवश्यकच आहे, त्यात एक दिवसही दवडू नये. पण रुग्णालयातल्या नळीतून नवी लागण होत राहिली तर गोळ्यांनी आपण एका बाजूने विहीर उपसत राहू आणि दुसऱ्या बाजूने पाणी भरत राहील.

‘आजार कोणामुळे झाला’ हा प्रश्न काहींना नुसता इतिहासाचा वाटतो. तसा तो नाही. हिपॅटायटिस सीचा शिक्का बसलेल्या माणसाचे काय होते ते कोकणातल्या कोणत्याही गावात विचारा. आखातात जायला निघालेला मुलगा मेडिकलला जातो, रक्तात प्रतिपिंड सापडतात आणि ‘अनफिट’ म्हणून कागद परत येतो. नाईलकाठच्या तरुणांनीही हेच भोगले. विषाणू औषधाने पूर्ण गेला तरी प्रतिपिंडांची खूण बहुधा आयुष्यभर राहते, म्हणजे बरा झालेला माणूसही यंत्राला आजारी दिसतो. घरी आल्यावर वेगळीच चौकशी सुरू होते: हा कुठे जात होता, कोणाच्या संगतीत होता? बायकोच्या नजरेत, शेजाऱ्यांच्या कुजबुजीत तो गुन्हेगार होतो. आणि त्याला लागण झाली ती कदाचित वयाच्या सहाव्या वर्षी, आईने हाताला धरून दवाखान्यात नेले तेव्हा. कारणांच्या यादीत वागणूक वर आणि उपचार खाली ठेवण्याचा हा प्रत्यक्ष परिणाम आहे. ज्याला अपराधी वाटते तो तपासायला येत नाही, आणि तपासायला न आलेला माणूस न कळत पुढे लागण करत राहतो.

म्हणून आफ्रिकेतल्या रुग्णालयांत यापुढे पाहणी करणाऱ्यांनी रुग्णाच्या प्रश्नावलीबरोबर रुग्णालयाचीही एक प्रश्नावली जोडावी, असे माझे मागणे आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. औषधभांडाराच्या वहीत गेल्या महिन्यात किती सिरिंज आल्या आणि किती शिल्लक आहेत ते लिहिलेले असते. वॉर्डाच्या वहीत त्याच महिन्यात किती इंजेक्शने आणि किती सलाइन दिली गेली ते लिहिलेले असते. या दोन वह्या एका टेबलावर शेजारी उघडायच्या. इंजेक्शने तीन हजार आणि सिरिंज अठराशे निघाल्या, तर उरलेल्या बाराशे वेळा काय टोचले गेले, हा प्रश्न मेट्रनला, अधीक्षकाला आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला विचारायचा. त्या दिवशी वॉर्डात दाखल असलेल्या प्रत्येक माणसाला त्याचे उत्तर कळायला हवे. गोंदणाबद्दल त्याला नंतर विचारता येईल.